घरात एक विंडोज, एक मॅक: दोन वेगळे कम्प्युटर एकाच धंद्याला कसे जुंपायचे?



व्हिडिओत हा विषय भरभर सांगावा लागला. सेटिंगच्या गोष्टी ऐकून लक्षात राहत नाहीत, समोर लिहिलेल्या असल्या की बऱ्या पडतात. म्हणून इथे सावकाश लिहितोय.

अंधेरी असो, बोरिवली असो, मुलुंड की घाटकोपर, घरून धंदा करणाऱ्यांच्या टेबलावर हल्ली एक ठरलेलं चित्र दिसतं. एका बाजूला जुना विंडोजचा डेस्कटॉप. त्यात टॅली, बिलं, पार्टीची खाती आणि एक प्रिंटर. दुसऱ्या बाजूला मुलीने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी घेतलेलं मॅकबुक. त्यावर लेबलं, इन्स्टाग्रामच्या पोस्ट, मालाचे फोटो. काही घरी मॅकच्या जागी लिनक्स टाकलेला जुना लॅपटॉप असतो. दोन्ही चालू असतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. मग फाइल स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवायची, नाहीतर पेनड्राइव्ह इकडून तिकडे न्यायचा.

आणि मग प्रश्न येतो, "सर, एक विकून टाकू का?"

नको. धंद्याच्या पहिल्या वर्षात भांडवल मशीनमध्ये अडकवू नका. आहेत ते दोन्ही कामाला लावा. फक्त दोघांना सारखं करायच्या नादी लागू नका. मॅकवर विंडोज चढवायचं, विंडोजला मॅकसारखं सजवायचं, यात शनिवार-रविवार जातात आणि बिल एकही निघत नाही. त्यापेक्षा आधी कामं वाटून घ्या.

एका कामाचं घर एकच

कागद घ्या आणि धंद्यातली कामं लिहा. बिलिंग, खरेदी, स्टॉक, जीएसटी, लेबलं, फोटो, कोटेशन, ग्राहकांची यादी. प्रत्येकापुढे एकच नाव लिहा: डेस्कटॉप किंवा मॅक. "दोन्ही" असं कुठेच लिहायचं नाही.

इतका हट्ट का? समजा तुमचं बिल एक्सेलमध्ये बनतं. त्याची एक कॉपी डेस्कटॉपवर, एक मॅकवर. तुम्ही बोरिवलीच्या प्रदर्शनात स्टॉल लावलाय आणि मॅकवर बिल नंबर ४७ फाडलं. त्याच दुपारी घरी यजमानांनी कुरियरवाल्यासाठी डेस्कटॉपवर बिल बनवलं. तेही ४७. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा नंबर ओळीने पाहिजे, जास्तीत जास्त १६ अक्षरांचा, आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा. महिन्याचा रिटर्न भरत असाल तर जीएसटीआर-१ ची तारीख पुढच्या महिन्याची ११, तिमाहीवाल्यांची १३. दहा तारखेला रात्री सीएचा फोन येतो, "ताई, ४७ नंबरची दोन बिलं कशी?" तोपर्यंत दोन्ही ग्राहकांकडे छापील बिल पोचलेलं असतं. एकाला नवीन बिल द्यायचं, दुसऱ्याला समजवायचं. ग्राहक स्वतः जीएसटीवाला असेल तर त्याच्या क्रेडिटचा प्रश्न वेगळाच.

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, फाइलचंही तसंच आहे.

टॅली असेल तर निर्णय आपोआप होतो. टॅलीप्राइम विंडोजवर चालतं, मॅकसाठी किंवा लिनक्ससाठी त्याची वेगळी आवृत्ती नाही. डिजिटल सही, म्हणजे ती पेनड्राइव्हसारखी दिसणारी डीएससी, तीही विंडोजलाच लावा. तिला टोकनचा ड्रायव्हर लागतो आणि जीएसटी पोर्टलसाठी ईएमसायनर नावाचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. हे सगळं मॅकवर जुळवत बसण्याइतका वेळ रिटर्नच्या आदल्या दिवशी कोणाकडेच नसतो. मात्र तुम्ही प्रोप्रायटर असाल तर मोबाइलवरच्या ओटीपीने, म्हणजे ईव्हीसीने, रिटर्न भरता येतो. मग कुठलाही कम्प्युटर चालतो, ब्राउझर असला की झालं. कंपनी किंवा एलएलपीला मात्र डीएससी लागतेच.

फोटो, लेबल, व्हिडिओ हे मॅकला द्या. आणि दोघांना मिळून पाहायचं ते, म्हणजे ऑर्डरची यादी, स्टॉकचा साधा तक्ता, हे गूगल शीटमध्ये ठेवा. तिथे फाइल एकच असते आणि दोन्ही मशीन फक्त तिच्या खिडक्या असतात. प्रदर्शनात बसून बिलं फाडायची असतील तर बिल बुकाची मालिकाच वेगळी ठेवा. घरची बिलं एका अक्षराने सुरू, स्टॉलची दुसऱ्या अक्षराने. नियमाला एकापेक्षा जास्त मालिका चालतात. सीएला आधी सांगून ठेवा म्हणजे झालं.

दोघांची ओळख करून द्या

आता फाइल इकडून तिकडे कशी न्यायची? घरच्या वायफायवर एक सामायिक फोल्डर करायचा. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिघांनाही एसएमबी नावाची एक भाषा येते, त्यामुळे वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही.

पण त्याआधी एक तपासणी. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. आपल्याकडे बऱ्याच घरांत दोन डबे असतात: फायबरवाल्याने दाराजवळ लावलेला एक, आणि आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून आपण घेतलेला दुसरा राउटर. डेस्कटॉप एका डब्यावर, मॅक दुसऱ्यावर. इंटरनेट दोघांवर मस्त, पण एकमेकांना दिसत नाहीत. दोन्ही मशीनचा आयपी पत्ता बघा. तो चार आकड्यांचा असतो. साधारण घरच्या वायफायवर पहिले तीन आकडे दोघांचे सारखे पाहिजेत. एकाचा १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०.७ असेल, तर दोघं वेगवेगळ्या चाळीत राहतात असं समजा. दोघांना एकाच वायफायवर आणा, किंवा दुसऱ्या राउटरला "ॲक्सेस पॉइंट" मोडवर टाका. आणि "गेस्ट" वायफाय वापरू नका. पाहुण्यांनी घरातली कपाटं उघडू नयेत यासाठीच ते बनवलेलं असतं.

आता विंडोजवर या. सेटिंगमध्ये आपल्या वायफायचा प्रकार "प्रायव्हेट" करा. "पब्लिक" असेल तर विंडोज स्वतःला लपवून ठेवतं. मग "धंदा" नावाचा एक नवीन फोल्डर बनवा. अख्खी डी ड्राइव्ह शेअर करू नका, फक्त हा फोल्डर. त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग.

मॅक पासवर्ड मागेल. इथे लोक रोज विंडोज उघडताना टाकतात तो चार आकडी पिन टाकतात आणि "चुकीचा पासवर्ड" आला की वैतागतात. पिन फक्त त्या मशीनसमोर बसून चालतो, नेटवर्कवरून नाही. नेटवर्कला खात्याचा खरा पासवर्ड लागतो. सगळ्यात सोपं म्हणजे विंडोजवर एक वेगळं लोकल खातं उघडा, त्याला चांगला पासवर्ड द्या, आणि "धंदा" फोल्डरची परवानगी त्या खात्याला द्या. बिनपासवर्डचा फोल्डर ठेवायचा सल्ला जुन्या व्हिडिओंमध्ये दिसेल. तो करू नका. नवीन विंडोज तसं शेअरिंग बहुतेक वेळा अडवतंच, आणि ते बरोबर आहे.

मॅकवर फाइंडर उघडा, वरच्या "गो" मेनूमध्ये "कनेक्ट टू सर्व्हर" आहे. तिथे इंग्रजीत एस, एम, बी ही तीन अक्षरं, मग :// आणि मग विंडोजचा आयपी पत्ता. लिनक्स मिंट असेल तर फाइल्सच्या खिडकीत वरच्या पट्टीत हेच टाकायचं. एकदा जुळलं की राउटरच्या सेटिंगमध्ये डेस्कटॉपचा पत्ता राखून ठेवा, नाहीतर वीज जाऊन आली की राउटर नवीन पत्ता देऊ शकतो आणि मॅकला जुन्या पत्त्यावर कोणी सापडत नाही. डेस्कटॉपचं स्लीपही कामाच्या वेळेपुरतं बंद ठेवा. मशीन झोपलं की फोल्डर गायब.

टॅलीचा मूळ डेटा मात्र या फोल्डरमध्ये किंवा ड्राइव्ह, वनड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका. टॅली उघडं असताना त्याच्या फाइली सतत बदलत असतात, आणि मध्येच अर्धी फाइल वर गेली, अर्धी खाली आली, की डेटा बिघडू शकतो. टॅली जिथे आहे तिथेच राहू द्या. संध्याकाळी ऑल्ट आणि वाय दाबून, डेटा मेनूतून बॅकअप घ्या, आणि तो बॅकअप "धंदा" फोल्डरमध्ये टाका.

नेटवर्क नसताना पेनड्राइव्ह लागतोच. त्याचा फॉरमॅट बघा. विंडोजचा एनटीएफएस मॅक वाचतं पण त्यावर लिहीत नाही. मॅकचा एपीएफएस विंडोजला वाचताच येत नाही. जुना फॅट३२ दोघांनाही चालतो, पण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, म्हणजे मोठा व्हिडिओ गेला. दोघांसाठी एक्सफॅट घ्या. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, आधी कॉपी काढा. आणि काढताना "इजेक्ट" करूनच काढा, एक्सफॅट ओढून काढलेलं सहन करत नाही.

फाइलींची नावं ठेवतानाही जपा. नावात तारीख लिहिताना तिरकी रेघ नको, विंडोजला / : ? * ही चिन्हं नावात चालत नाहीत. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, मध्ये आडवी रेघ. असं केलं की फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. नाव मराठीत ठेवलंत तरी हरकत नाही.

मराठी मजकुराची खरी गंमत

हा भाग इंग्रजी व्हिडिओंमध्ये तुम्हाला सापडणार नाही, आणि आपलं नुकसान सगळ्यात जास्त इथेच होतं.

डेस्कटॉपवर वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असतं. पत्रक, दरपत्रक, लेबल. ती फाइल मॅकवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. फाइल बिघडलेली नसते. जुन्या फॉन्टमध्ये कम्प्युटर आतून इंग्रजी अक्षरंच साठवतो आणि फॉन्ट त्यांना मराठी मुखवटा चढवतो. दुसऱ्या मशीनवर मुखवटा नाही, म्हणून मूळ चेहरा दिसतो. युनिकोडमध्ये तसं नसतं. तिथे "क" हा क म्हणूनच साठवला जातो, मशीन कुठलंही असो. विंडोजला देवनागरी युनिकोड विंडोज २००० पासून येतं, म्हणजे हे काही कालचं तंत्र नाही. तरी आजही जुन्या फाइलींतूनच नवं लेबल काढायची सवय जात नाही. जुना मजकूर कन्व्हर्टरने एकदाच युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरं, रफार, वेलांट्या डोळ्यांनी तपासा. कन्व्हर्टर इथे हमखास घसरतात.

युनिकोड केलं तरी एक अडचण उरते. विंडोजवर मंगल किंवा निर्मला फॉन्ट असतो, मॅकवर कोहिनूर देवनागरी. अक्षरं तीच, पण रुंदी वेगळी. डेस्कटॉपवर एका ओळीत नीट बसलेलं "घरगुती काळा मसाला" मॅकवर दोन ओळींत जातं, आणि खालची वजनाची ओळ लेबलच्या बाहेर. स्क्रीनवर कळत नाही, हजार लेबलं छापून आल्यावर कळतं. उपाय फुकट आहे: मुंबईच्याच एक टाइप या मंडळींनी बनवलेले मुक्त आणि बलू हे फॉन्ट गूगल फॉन्टवर मोफत मिळतात. मुक्त हा फॉन्ट इंग्रजीत "मुक्ता" अशा स्पेलिंगने शोधा. दोन्ही मशीनवर तोच टाका आणि धंद्याचं सगळं त्यातच करा.

छापखान्यात देताना वर्डची फाइल कधीच देऊ नका. पीडीएफ द्या. आपल्याकडचे फ्लेक्स आणि लेबलवाले बहुतेक कोरलड्रॉवर काम करतात आणि "कर्व्ह करून पाठवा" म्हणतात. म्हणजे अक्षरांची चित्रं करून पाठवा, मग त्यांच्याकडे तुमचा फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. पण कर्व्ह केल्यावर मजकूर बदलता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. एमआरपी बदलली की तीच लागते.

ग्राहकांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून विंडोजच्या एक्सेलमध्ये डबल क्लिक केली की मराठी नावांचा चिवडा दिसतो, हेही बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. फाइल बरोबरच असते. एक्सेल उघडा, "डेटा" मेनूतून ती फाइल आत घ्या आणि यूटीएफ-८ निवडा. चिवडा दिसत असताना सेव्ह मात्र करू नका, मग खरोखर बिघडेल.

टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट शिका असं मी प्रत्येक वर्गात सांगतो आणि प्रत्येक वर्गात तोंडं वाकडी होतात. पण भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकात असलेला हा कीबोर्ड तिन्ही सिस्टीमवर आधीपासून आहे. एकदा हात बसला की कुठल्याही मशीनवर बसा.

एकाच टेबलावर दोघं

वन बीएचकेमध्ये दोन मॉनिटर कुठे ठेवणार? मॉनिटरच्या मागे बघा, बहुतेक वेळा दोन सॉकेट असतात. एकात डेस्कटॉप, दुसऱ्यात मॅक. बटण दाबून अदलाबदल. कीबोर्ड-माउसही एकच हवा असेल तर केव्हीएम स्विच नावाची डबी मिळते, लॅमिंग्टन रोडला विचारा. जाताना मॅकला कुठलं सॉकेट आहे ते पाहून जा, टाइप-सी ते एचडीएमआय जोडणी वेगळी घ्यावी लागते.

मॅकवर बसून डेस्कटॉपचं टॅली बघायचं असेल तर रिमोट डेस्कटॉप. विंडोज होम आवृत्तीला स्वतःचं रिमोट डेस्कटॉप पाहुणचार करत नाही, त्यासाठी प्रो लागते. होमवाल्यांनी क्रोम रिमोट डेस्कटॉप वापरा. अंधेरीहून मेट्रोत बसूनही पार्टीची बाकी बघता येते. एक सावधगिरी मात्र पाळा. फोन करून "हे स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाका आणि कोड सांगा" म्हणणारा कोणीही असो, फोन ठेवा. २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने ॲनीडेस्कच्या नावानिशी बँकांना सावध केलं होतं. ॲप वाईट नाही, पण त्याचा कोड म्हणजे घराची किल्ली आहे.

प्रिंटर नवा घेणार असाल तर वायफायवाला आणि एअरप्रिंट असलेला घ्या, दोन्ही मशीन त्याला थेट ओळखतात. जुन्या युएसबी लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर नव्या मॅकसाठी कित्येकदा निघालेलाच नसतो. तिथे डोकं आपटू नका. पीडीएफ "धंदा" फोल्डरमध्ये टाका आणि डेस्कटॉपवरून छापा.

जुन्या विंडोज १० चं काय?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट संपला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. म्हणजे २०१७ च्या आधीचे बरेच डेस्कटॉप रांगेतून बाहेर.

असा डेस्कटॉप भंगारात देऊ नका. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून सुरू करून पाहता येतं, आतलं काही न पुसता. वायफाय, प्रिंटर, स्कॅनर चालतोय का बघा. ब्राउझर, गूगल शीट, लिब्रेऑफिसमधली पत्रं यासाठी तो चार-पाच वर्षं आरामात जाईल. गूगल ड्राइव्हचं स्वतःचं ॲप लिनक्सवर नाही, ब्राउझरमधून वापरावं लागतं. एक्सेलच्या मॅक्रोवाल्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये धड चालतील याची खात्री धरू नका, त्या विंडोजवरच उघडा.

पण त्याच मशीनवर टॅली असेल तर थांबा. आधी टॅली दुसऱ्या विंडोजवर न्यायचं ठरवा, बॅकअप घ्या, आणि जुन्या मशीनवर लायसन्स "सरेंडर" करा. मगच पुसा. सरेंडर न करता पुसलं तर नव्या मशीनवर लायसन्स चालू करताना अडकाल.

बॅकअप, आणि पावसाळा

दोन कम्प्युटर आहेत म्हणजे बॅकअप आहेच, असं समजू नका. सामायिक फोल्डर दोघांना उघडा असतो, म्हणजे विंडोजवर फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस शिरला तर तो त्या फोल्डरमध्येही शिरतो. म्हणून एक प्रत क्लाउडवर आणि एक अशा डिस्कवर, जी बॅकअप झाला की काढून कपाटात ठेवली जाते. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायची असतात. एवढ्या वर्षांत कुठलं ना कुठलं मशीन बदलणारच, म्हणून दर मार्चअखेर बिलांची आणि खतावणीची पीडीएफ काढून ठेवा. पीडीएफ उघडायला टॅली लागत नाही, विंडोजही लागत नाही.

तळमजल्यावर राहत असाल तर डेस्कटॉपचा डबा जमिनीवरून उचला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि पाणी घरात शिरलं तेव्हा सगळ्यात आधी जमिनीवरच्या वस्तू गेल्या. बॅकअपची डिस्क तर वरच्या मजल्यावरच्या नाहीतर दुसऱ्या उपनगरातल्या नातेवाइकाकडे ठेवलेली सगळ्यात बरी.

या शनिवारी एवढंच करा: कामांची यादी लिहून प्रत्येकापुढे एक मशीन लिहा, दोघांचे आयपी पत्ते तपासा, "धंदा" फोल्डर उघडा आणि त्यातून एक मराठी पीडीएफ मॅकवरून डेस्कटॉपवर नेऊन छापून बघा. तीन-चार तासांचं काम आहे. अडलात तर कुठल्या पायरीवर आणि स्क्रीनवर नेमके काय शब्द आले ते लिहून ठेवा. पुढच्या व्हिडिओत त्याच अडचणी घेऊ.